बिबट्याचा व्याही

बिबट्याच्या अंगावरचे ठिपके मोजायची वेळ ज्या माणसावर येते, तो एक तर वनखात्यात नोकरीला असतो, नाही तर त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असते. मी दुसऱ्या प्रकारातला. पहिल्या प्रकारात निदान पगार मिळतो.

भोरच्या पावसाची बाहेरच्यांना नीट कल्पना नसते. पुण्याची मंडळी कापूरहोळला आत वळतात, भातलावणीचे फोटो काढतात, घाट चालू असला तर वरंध्याला वाघजाईपाशी गरम भजी खातात आणि 'काय भाग्यवान हो तुम्ही!' असं म्हणून अंधाराच्या आत परत फिरतात. ते भाग्य आम्ही मागे राहून भोगतो. आषाढानं एकदा धरलं की बनियन वाळत नाही, काडी पेटत नाही आणि निवृत्त माणूस घराबाहेर पडत नाही. पहिली दोन संकटं बायको मुकाट्यानं सोसते. तिसऱ्यावर मात्र ती सतत उपाय शोधत असते.

या खेपेला उपाय मुलीनं आणला. "बाबा, बाळाला प्लॅस्टिकची खेळणी द्यायची नाहीत. सगळं हातानं केलेलं हवं." कुणाच्या हातानं, ते तिनं सांगितलं नाही. बाळंतविड्यातली झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी बायकोनं आधीच आपल्याकडे घेतली होती. उरलं होतं ते खेळणं आणि उरलो होतो तो मी.

"मी विणू?" मी म्हणालो. पण नाही म्हटलं तर गहू निवडायला बसवतील हे दिसत होतं, म्हणून लगेच सूर बदलला. "का नाही? घोंगडी कोण विणतं? सनगरांच्या मागावर पुरुषच बसतात."

"मग घोंगडी विणा," बायको म्हणाली. "तिला पाय आणि शेपूट तरी नसतं."

माझी उभी हयात एका पतसंस्थेच्या काउंटरमागं गेली. नोटा मोजायच्या, संध्याकाळी कॅश जुळवायची, जुळली की कुलूप. त्यामुळं "बाबा, यात नुसतं मोजायचं असतं," हे मुलीनं सांगितलं तेव्हा हा आपलाच प्रांत आहे अशी माझी समजूत झाली. खरं म्हणजे तिनं मला मोठ्या हुशारीनं पकडलं होतं. पतसंस्थेची थकलेली कर्जंही अशीच गोड बोलून दिलेली असायची.

प्राणी कोणता, यावर चर्चा झाली. जावयांचं म्हणणं, वाघ. ते वेल्ह्याकडचे. तोरणा नि राजगडाच्या मधल्या माणसाला वाघाखाली काही चालत नाही. ससा म्हणालो असतो तर सोयरीक मोडली असती. पण वाघाला पट्टे, आणि पट्ट्यांसाठी दर दोन टाक्यांनी लोकर बदलायची. तेव्हा मधला मार्ग म्हणून बिबट्या ठरला. ठिपके काय, मागून वरून भरता येतात. पुणे जिल्ह्यात बिबट्या म्हटलं की सगळ्यांना जुन्नरचा ऊस आठवतो. आमचा भोर-वेल्ह्याचा बिबट्या डोंगरातला, प्रसिद्धीपासून दूर राहणारा. त्याला जरा मानाचं स्थान मिळावं असंही वाटलं. शिवाय मी वाचलं होतं की प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, अभ्यासक मंडळी कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून एकेक बिबट्या त्या नक्षीनंच ओळखतात. म्हणजे माझी नक्षी चुकली, हे कुणाच्या बापाला सिद्ध करता येणार नव्हतं.

बाजारपेठेत लोकर मागितली तर दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "काका, आषाढात लोकर? छत्री दाखवू का?" शेवटी माळ्यावरून पिवळ्याचा एकुलता एक गुंडा निघाला. पुढचा जावयांनी पुण्याहून, बोहरी आळीतून आणला. रंगाचा नंबर तोच. पण लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर रंगाच्या नंबराखाली लॉटचाही नंबर असतो, आणि लॉट बदलला की तोच पिवळा भलताच निघतो, हे मला दुसरा गुंडा निम्मा विणून झाल्यावर कळलं. बायकोनं दोन्ही अर्धुकं खिडकीच्या उजेडात धरली.

"पुढून हळद, मागून मोहरी," ती म्हणाली. "फोडणी तेवढी द्यायची राहिलीय."

आता प्रत्यक्ष कामाविषयी. क्रोशावर प्राणी करायचा तर तो गोल गोल विणत न्यायचा असतो. आधी लोकरीचा एक सैल वेढा. व्हिडिओतली मुलगी त्याला मॅजिक रिंग म्हणते. तिच्या हातात ती रिंग होते, माझ्या हातात नुसतीच मॅजिक व्हायची, म्हणजे आत्ता होती आणि आत्ता नाही. त्या वेढ्यात 6 मुके खांब घालायचे. पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे 12. मग 18, मग 24, मग 30. थोडक्यात सहाचा पाढा. वाढवणं थांबवलं की बाजू उभ्या राहतात, उतरत्या भाजणीनं कमी करत आणलं की तोंड मिटतं आणि डोकं तयार. सांगायला इतकं सोपं आहे की मी ते शेजारच्या नानांना पहिल्याच दिवशी शिकवून टाकलं होतं.

गंमत अशी की फेरी कुठं संपतच नाही. वळणावळणानं वर चढत राहते. म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात खूण अडकवायची. बायका त्याला सेफ्टी पिन लावतात. मी जन्मभराच्या सवयीनं यू-पिन लावली, आणि एका संध्याकाळी ती दिसेनाशी झाली. बाळाचं खेळणं म्हटल्यावर घरात हलकल्लोळ माजला. सगळं डोकं उसवलं, आतला कापूस ताटात पिंजून काढला, शेजारून लोहचुंबक आणलं. यू-पिन माझ्या सदऱ्याच्या खिशाला होती, विजेच्या बिलाला लावलेली.

खूण नीट असली तरी हिशेब जुळेलच असं नव्हतं. 24 यायला हवेत तिथं 23 यायचे. उसवून पुन्हा विणावं तर 26. आमच्या पतसंस्थेत शिरस्ता असा होता की कॅश कमी आली तर कॅशियरनं पदरची भरायची आणि जास्त आली तर सस्पेन्स खात्यात टाकायची. मी तोच पाळला. कमी पडलेले टाके सुचेल तिथं भरले आणि जादाचे सगळे डाव्या कानामागं एका जागी गोळा केले. त्या सस्पेन्स खात्याला पुढं लोक आवाळू म्हणू लागले.

"चेन्नईतल्या बायकांच्या एका गटानं पुढाकार घेतला आणि 2016 साली 11,148.5 चौरस मीटरचं पांघरूण क्रोशावर झालं. गिनीजमध्ये नोंद आहे," बायको मोबाइलमधून वाचत म्हणाली. "आणि तुमचा अजून एक कान चाललाय."

"त्यांना कान काढायचे नव्हते," मी म्हणालो.

पोटात भरायला जुन्या उशीतला सावरीचा कापूस काढला. तो फार फसवा असतो. कितीही कोंबा, आत जातच राहतो. "बास आता," असं बायको दोनदा म्हणाली. पण आपला बिबट्या खात्यापित्या घरचा वाटावा असं मला वाटत होतं. आमच्या भाटघर धरणाला 45 स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं की ते आपोआप उघडतात, कुणाला काही करावं लागत नाही. माझ्या बिबट्याचंही तसंच झालं. रात्री त्याला पोट भरून कपाटावर ठेवला होता. सकाळी बघतो तर पोटाचे टाके ठिकठिकाणी उघडलेले आणि सावरीचा विसर्ग सुरू.

पाय, कान आणि शेपूट वेगळं विणून शिवायचं असतं. तरुणपणी मी राजगडावर सुवेळा माचीच्या नेढ्यात चढून बसलो आहे. त्या नेढ्यात माणूस सहज मावतो. सुईच्या नेढ्यात लोकर काही मावेना. चष्मा लावून, चष्मा काढून, थुंकी लावून, शेवटी देवाचं नाव घेऊन ओवली, तेव्हा लक्षात आलं की मी ती उलट्या बाजूनं पायातूनच आणली आहे. पाय शिवून झाले तेव्हा चारांतले तीन जमिनीला टेकत होते. कोणते तीन, ते दर वेळी वेगळं. शेपटीला लोकर पुरली नाही. बिबट्याची शेपूट चांगली लांब असते, झाडावर तोल सांभाळायला. माझ्या बिबट्याला करंगळीएवढी मिळाली. त्यानं झाडावर चढू नये, असा मी त्याचा अर्थ लावला.

डोळ्यांना काळी बटणं लावणार होतो, पण बटणं उपटून तान्ही मुलं गिळतात, म्हणून डोळे दोऱ्यानं भरायचे ठरलं. एक डोळा मी दुपारी भरला आणि दुसरा वीज गेल्यावर. पहिला भोरकडे बघतो, दुसरा वेल्ह्याकडे. दोन्ही घरांवर सारखंच लक्ष आहे, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "व्याह्यांसमोर सांगू नका."

यानंतर तो ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसला आणि त्याचं बारसं सुरू झालं. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला सरकारला केवढा कागद रंगवावा लागला. माझ्या प्राण्याचं नाव दर माणसागणिक बदलत होतं आणि एकालाही कागद लागत नव्हता. यात एक गोष्ट मला विलक्षण वाटली. 'हे काय आहे?' असं कुणीही विचारलं नाही. आपल्या माणसाला न कळणं कबूल नसतं. प्रत्येक जण दारात थबकायचा, क्षणभर गप्प राहायचा आणि मग ठामपणानं काही तरी म्हणायचा.

दूधवाला म्हणाला, "डुक्कर ब्येस झालंय."

नाना म्हणाले, "मुंगूस ना? छान. मुंगसाचं तोंड दिसणं शुभ असतं."

गल्लीतली पोरं शाळेतून येताना "बटाटा, बटाटा" करत गेली. शिक्षिका असलेल्या शेजारीणबाईंनी सगळ्यात सभ्य उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "अगदी हुबेहूब!" आणि कशाशी ते न सांगता घाईनं निघून गेल्या. संध्याकाळी एक लांबचे नातेवाईक आले. त्यांनी त्याला उचलून पाठीशी घेतला आणि म्हणाले, "कमरेला चांगला आधार मिळतो." बराच वेळ बसले. म्हणाले, असा एक मलाही हवा.

माझी चिडचिड होऊ लागली. "आपल्या रुखवतातलं कुत्रं लोक बिनबोभाट ओळखायचे," मी बायकोला म्हणालो.

ज्यांची लग्नं त्या काळात झाली त्यांना हे कुत्रं आठवत असेल. लोकरीचे गोंडे करून बाटलीवर चढवायचे, वर गोंड्याचं डोकं, लाल फडक्याची जीभ. मण्यांचा मोर, क्रोशाचं रेडिओ-कव्हर आणि हे कुत्रं आल्याशिवाय रुखवत मांडलं असं कुणी म्हणत नसे. आमचं कुत्रं मेहुणीनं केलं होतं. आतली बाटली कशाची, हे माळकरी सासऱ्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी कुत्र्याच्या आत डोकावून पाहिलं नाही. ते अजून शोकेसमध्ये आहे. त्याला डोळे नाहीत, एक कान नाही, पण आल्यागेल्याला ते कुत्रंच वाटतं.

"कारण त्याच्यासमोर चिठ्ठी होती," बायको म्हणाली. "रुखवतात सगळ्यासमोर चिठ्ठ्या असतात. तुम्हीही लावा."

मी पुठ्ठ्यावर 'बिबट्या' असं लिहून त्याच्या गळ्यात अडकवलं. दुसऱ्या दिवशी दूधवाला म्हणाला, "डुकराचं नाव मस्त ठेवलंय."

नातीच्या बारशाला वेल्ह्याहून जीप भरून माणसं आली. आमच्यात बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतात, मग बाळ. बायकांची गर्दी, पाळण्याभोवती फुगे, त्यात पाऊस म्हणून खिडक्या बंद आणि अंधार. विहीणबाईंनी अंदाजानं कोपऱ्यातला वजनदार गोळा उचलला, कुंची चढवली आणि वरवंटा म्हणून दिला पलीकडे. तीन-चार हात फिरून झाल्यावर माझ्या चुलतबहिणीच्या लक्षात आलं की वरवंट्याला पाय आहेत. ती जी किंचाळली, त्यानं नात जागी झाली. वरवंटा स्वयंपाकघरात तसाच पडून राहिला. म्हणजे रीतसर पाहिलं तर त्या दिवशी पहिला मान बिबट्याचाच झाला.

पंगत उठल्यावर व्याही ओसरीवर आले. ते मुळचे डोंगराच्या कुशीतले. त्यांच्या गोठ्यातून बिबट्यानं खरोखरीच शेरडू नेलेलं आहे. त्यांच्या मताला वजन होतं. त्यांनी प्राणी मांडीवर घेतला, उलटा केला, सुलटा केला, आवाळू चाचपलं, शेपूट ओढून पाहिली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मी बिबट्या बगितलाय. ह्या हातभर अंतरावनं. ह्यो बिबट्या न्हाई."

ओसरी गप्प झाली.

"पन अगदीच परका बी वाटत न्हाई," पाहुण्याच्या घरी आपण जेवलो आहोत हे आठवून ते म्हणाले. "बिबट्याचा व्याही आसंल."

तेव्हापासून घरात त्याचं नाव 'व्याहीबुवा' पडलं. नाव चांगलं होतं, पण ज्या घरात खरे व्याहीबुवा फोन करतात तिथं ते चालवणं जोखमीचं होतं. नातीनं पहिल्याच आठवड्यात त्याला ओलं केलं. बायकोनं साबणाच्या पाण्यात घातलं आणि नेमका विहीणबाईंचा फोन आला. मी पलीकडच्या खोलीतून ऐकत होतो. बायको म्हणत होती, "अहो, काय सांगू, व्याहीबुवा पार भिजलेत. आत्ताच बादलीतून काढले, पिळले आणि कंपाउंडवर वाळत टाकलेत." पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. व्याही त्या दिवशी खरंच कामासाठी भोरला आले होते.

त्या संध्याकाळी उघडीप होती. कंपाउंडच्या भिंतीवर, चिंचेच्या फांदीखाली व्याहीबुवा निथळत बसले होते. दिवेलागणीच्या सुमारास माझ्या मोबाइलवर एक संदेश आला. कुणी तरी लांबून, हलत्या हातानं काढलेला व्हिडिओ. काळोखात भिंतीवर काही तरी पिवळसर, ठिपक्याठिपक्यांचं, दबा धरून बसलेलं. खाली मजकूर: 'सावधान! नदीकडच्या आळीत बिबट्या. लहान मुलांना बाहेर सोडू नये. बातमी शंभर टक्के खरी आहे, माझ्या मेव्हण्यानं स्वतः पाहिला.'

मी दारं-खिडक्या लावल्या. कोयंडे तपासले. बायकोला परसात जाऊ दिलं नाही. 'वाळत घातलेलं काढायचंय' असं ती म्हणत होती, पण जिवापेक्षा धुणं मोठं नाही असं मी तिला बजावलं. मग नागरिकाचं कर्तव्य म्हणून तो संदेश नातेवाइकांच्या, जुन्या सहकाऱ्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर पाठवला. वेल्ह्यालाही पाठवला. नऊ वाजेपर्यंत तो फिरून माझ्याकडे परत आला, तेव्हा बिबट्याची मादी झाली होती आणि तिच्याबरोबर दोन पिल्लं होती. दहाला नानांचा फोन आला. त्यांनी तिला गच्चीवरून प्रत्यक्ष पाहिलं होतं. "नाकापासून शेपटीपर्यंत सहा फूट. शेपूटच तीन फूट असेल."

ज्यांना तोच प्राणी भर दुपारी, चष्मा लावून, फूटभर अंतरावरून मुंगूस वाटला होता, ते हे नाना. तरी मला शंका आली नाही. मी तीन फुटांची शेपूटही पुढं पाठवली.

भोरकरांची तर खरं म्हणजे अशी फसगत व्हायला नको. आमच्या राजवाड्यात कायम कसली ना कसली शूटिंगं चालतात. थर्माकोलच्या तोफा, दाढी चिकटवलेले सरदार, आणि ज्या गावात आभाळ फाटल्यागत कोसळतं त्या गावात टँकर मागवून पाडलेला पाऊस, हे सगळं आम्ही चहा पीत पाहिलेलं आहे. पण नकली गोष्टी ओळखण्याचा सराव दिवसाचा असतो. रात्री मोबाइलवर आलेलं सगळं अस्सल.

सकाळी भिंतीजवळ दहा-पंधरा माणसं काठ्या घेऊन उभी होती. बायको त्यांच्यामधून वाट काढत गेली, बिबट्याला कानाला धरून उचललं, दाबून पाहिलं आणि म्हणाली, "अजून ओलाच आहे."

मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. मी माझा चेहरा दाराच्या आत ठेवला होता. थोडा वेळ शांततेत गेला आणि मग नाना म्हणाले, "मला रात्रीच वाटलं होतं." लगेच सगळ्यांनाच रात्री वाटलेलं होतं असं निघालं. दूधवाल्याचं तर म्हणणं पडलं की, 'आपन पैल्यापासनं बिबट्याच म्हनत हुतो.'

त्या दिवशी जावयांनी मला धीर दिला. म्हणाले, "बाबा, हे आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये 2011 साली हॅम्पशायरमधल्या हेज एंड गावाजवळ पांढरा वाघ दिसला म्हणून पोलिसांनी हेलिकॉप्टर आणलं, प्राणिसंग्रहालयातली माणसं बोलावली, शेजारच्या मैदानावरची क्रिकेटची मॅच थांबवली. हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं वाघ आडवा झाला, तेव्हा कळलं खेळणं आहे. आणि 2018 साली स्कॉटलंडमध्ये पीटरहेडजवळ एका गोठ्यात वाघ शिरला म्हणून पोलिसांनी पाऊण तास वेढा दिला होता. तोही कापसाचाच."

मला हे ऐकून बरं वाटलं, पण पूर्ण नाही. त्यांचे वाघ दुकानातले होते, कारखान्यात माप घेऊन बनवलेले. त्यांना वाघ समजण्यात त्या पोलिसांची काय मोठी कामगिरी? माझा बिबट्या बिबट्या वाटायला बघणाऱ्याचंही कर्तृत्व लागतं. माझ्या हातातून उतरलेल्या वस्तूला आख्खं गाव एक रात्र घाबरून होतं, ही गोष्ट मी मनातल्या मनात बऱ्याचदा घोळवली. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "गावात तुम्हीही होतात."

घरात मात्र व्याहीबुवांचं महत्त्व ओसरत चाललं होतं. नातीला त्यांच्यापेक्षा त्यांच्या गळ्यातला पुठ्ठा जास्त आवडायचा. बायको हळूहळू त्यांच्या पाठीत सुया खोचून ठेवू लागली. मुलगी ओरडली, तेव्हा मी तिला जर्मनीतल्या मार्गारेट स्टाइफ या बाईंची गोष्ट सांगितली. त्यांनी 1880 साली कापडाचा छोटा हत्ती केला तो टाचण्या खोचायला. मुलांनी तो पळवून खेळायला घेतला आणि त्यातून केवढा मोठा खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. "आपलं उलट चाललंय इतकंच," मी म्हणालो. मुलीनं सुया काढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि बिबट्या माझ्या हातात दिला. बाळाजवळ आता हा नको, असा निकाल लागला.

गणपती उरकल्यावर व्याह्यांचा फोन आला. भुईमुगात वांदरं शिरत होती. शेंगा भरायच्या आतच उपटून खाऊन टाकायची. फटाके लावून झाले, डबे वाजवून झाले, बुजगावण्याच्या तर डोक्यावरचं टोपडं घालून एक वांदर बांधावर बसलं होतं.

"पाव्हणं, तो तुमचा परानी द्याल का? येक रात भोर जागं ठिवलं त्यानं. वांदरं काय, जनावरंच की."

जावयांनी दुजोरा दिला. कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यात, एका शेतकऱ्यानं 2019 साली माकडांसाठी आपल्या पाळलेल्या कुत्र्यालाच वाघाचे पट्टे रंगवले होते, आणि त्या भागात शेतात वाघाची बाहुली बसवण्याचा प्रयोगही झाला होता म्हणे. मला कुत्र्याबद्दल वाईट वाटलं. पण आपला माल शेतीच्या कामाला जातोय म्हटल्यावर मी त्याचे ठिपके पुन्हा गडद केले, पोटाला दुहेरी शिवण घातली आणि चौथ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी शिवली. एस.टी.नं पाठवणं बरं दिसेना, म्हणून स्वतः मार्गासनीपर्यंत पोचवून आलो. गाडीत शेजारच्या आजींनी विचारलं, "नातवाचं का हो अस्वल?" मी हो म्हणालो. वाद घालायची ती वेळ नव्हती.

व्याह्यांनी त्याला बांधावरच्या आंब्याच्या दुबेळक्यात बसवलं. पहिल्या दिवशी वांदरं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी लांबच्या झाडावर बसून बघत राहिली. व्याह्यांचा दिवसातून तीनदा फोन यायचा. मी तो स्पीकरवर टाकून नानांना ऐकवायचो. तिसऱ्या दिवशी फोटो आला. व्याहीबुवा दुबेळक्यात तसेच बसलेले, एक डोळा भोरकडे, एक वेल्ह्याकडे, आणि शेजारी एक म्हातारी वांदरीण त्यांच्या कानामागचं सस्पेन्स खातं अगदी मन लावून तपासतेय. ती त्यांच्या उवा काढत होती.

मी आठवडाभर वेल्ह्याचा फोन उचलला नाही. शेवटी त्यांनी बायकोच्या नंबरवर केला.

"पाव्हणं, कुटं गायब?" व्याही म्हणाले. "तुमचा परानी वांदरांनी उचलून न्येला. टोळीच्या टोळी त्याच्यामागं. ह्या झाडावनं त्या झाडाव. पिल्ली तर त्याला सोडंनात."

"माफ करा हो," मी म्हणालो. "शेंगांचं मोठं नुकसान झालं असेल."

"न्हाई, न्हाई! त्यास्नी शेंगांची आठवनच ऱ्हायली न्हाई. ह्याच्यासाठी भांडनं करत बसल्याली. तवर आमी भुईमूग काडून घिटला." मागून विहीणबाई काही तरी सांगत होत्या. "आन् ही म्हनतीया, आता हरभऱ्याच्या वक्ताला दोन-तीन परानी करून द्या. कंचं बी करा, ती वळखत न्हाईत. फकस्त शेपूट जरा लांब ठिवा. त्यास्नी धराया सोपं पडतं."